चौथा कप्पा

प्रिय खटपट्या,

या नावानं तुला आता कोणी हाक मारत नसेल. तुझ्या ऑफिसच्या दारावरच्या पाटीवर वेगळं नाव आहे, हुद्द्यासकट. दादानं फोटो दाखवला होता. पण पत्राच्या वर ते माझ्यानं लिहवेना. बाबांनी ठेवलेलं हेच बरं. घड्याळ, रेडिओ, मिक्सर, हाती लागेल ते तू उघडून बसायचास आणि पुन्हा जोडल्यावर एखादा स्क्रू उरायचाच. बाबा तो एका डबीत टाकायचे आणि म्हणायचे, "चालतंय ना? मग हा त्या वस्तूच्या मनाचा मोठेपणा समज." ती डबी माझ्याकडे आहे, अर्धीअधिक भरलेली. फोनवरही बोलता आलं असतं, पण तिथं माझं दुसरं वाक्य संपायच्या आत तुझी मीटिंग सुरू होते. पत्राला मीटिंग नसते.

तर बातमी अशी, की मी कॉम्प्युटर जोडून घेतेय. सव्वीस वर्षं बाइंडिंगच्या कारखान्यात कागद दुमडून माझा अंगठा आता वळत नाही. मालक भला माणूस, म्हणाला, घरी बसून पुस्तकांची पानं लावायचं काम करा, शिकवतो. दादानं त्याच्या ओळखीच्या एका दुकानात पाठवलं. दुकानदार म्हणजे चष्मा कपाळावर सरकवून टेबलभर चष्मा शोधणारा माणूस. म्हणाला, "तयार मशीन घेऊ नका ताई, सुटे भाग घेऊ, मी जोडून देतो. आधी कॅबिनेट निवडा. घर ठरलं की सामान कुठं ठेवायचं ते ठरतं." मला वाटलं होतं कॅबिनेट म्हणजे नुसता पत्र्याचा डबा, त्यात काय निवडायचं? त्यानं पहिलं काढलं ते काचेचं, आत सात रंगांचे दिवे. मी म्हटलं, मला काम करायचंय, सर्कस नाही भरवायची. दुसरं चपलांच्या खोक्याएवढं, नाजूक, पण त्यात हात घालायलाही जागा नाही. तिसरं काळं, बिनदिव्याचं, कोपऱ्यात धूळ खात पडलेलं. ते मॉड्युलर म्हणजे सगळं सुटं होणारं निघालं. पुढची जाळी बोटानं दाबली की निघते, बाजूचे पत्रे सरकतात, पंख्यांची पट्टी वर-खाली करता येते. आत पाहिजे तेवढे कप्पे लावायचे, नको ते काढून ठेवायचे. मी सवयीनं पत्र्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. कुठं टोचलं नाही. म्हटलं, हेच.

मग मी सहज बोलून गेले, की वडिलांची एक जुनी हार्ड डिस्क आहे, कोरी, पण आठवण म्हणून तीही आत बसवा. तो हसला. "आता डिस्क कोण ठेवतं ताई? लोक आपलं सगळं इंटरनेटवर, म्हणजे दुसऱ्याच्या घरी ठेवतात आणि लागेल तसं मागवतात. या कॅबिनेटला मात्र डिस्कचे कप्पे लावता येतात, म्हणून तर ते कोणी घेत नाही. उद्या घेऊन या, बघू."

अकरा वर्षांपूर्वी, बाबा गेल्यावर पंधरा दिवसांनी तू त्या डिस्क वाटल्यास, आठवतं? न आठवायला काय झालं. पुढच्या खोलीत तू जमिनीवर बसलेला, पुढ्यात बाबांचा कॉम्प्युटर उघडा. म्हणालास, याचा बोर्ड जळालाय, बाकी भंगार, पण डिस्क चांगल्या आहेत, चार आहेत आणि आपणही चार, प्रत्येकानं एक ठेवा, प्रत्येकीत सगळं आहे. घरात दुसरं वाटण्यासारखं काही नव्हतंच. आई, दादा, मी, तू, अशा क्रमानं तू त्या हातात दिल्यास. आईनं तिची बाबांच्या मफलरमध्ये गुंडाळली. मला त्या क्षणी तुझं कौतुक वाटलं होतं, की घरातल्या सगळ्यात लहानाला हे सुचलं. हेही लिहून टाकते.

बाबांनाही तसंच वाटायचं, प्रत्येकीत सगळं आहे. कंपनीत लिफ्टचे तपासनीस, लिफ्ट तपासून आले की हात धुवायच्या आधी कॅमेरा कॉम्प्युटरला लावायचे. दोराचा फोटो, ब्रेकचा फोटो, प्रत्येक फोटोत तारीख लिहिलेला कागद धरलेला. आई वैतागायची, "आमचा एक फोटो नाही काढत कधी, त्या दोरांचे मात्र रोज." बाबा म्हणायचे, "तू तुटणार नाहीस, दोर तुटतो." आणि कोणी विचारलं तर ऐटीत सांगायचे, धाकट्यानं मशीन बांधलंय, माझं काम चार ठिकाणी ठेवलंय, एक गेली तरी तीन आहेत. तू तिथंच असायचास. एकदाही म्हणाला नाहीस की बाबा, तसं नाही ते.

त्या सात मजली इमारतीतली लिफ्ट पडली, झाडलोट करणाऱ्या बाईचे दोन्ही पाय गेले, आणि बाबांच्या कंपनीनं सांगितलं की तपासनिसानं त्या महिन्यात तपासणी केलीच नव्हती. बाबा म्हणत होते, केली, दोर झिजलाय असं लेखी दिलं, बदला म्हणून दोनदा सांगितलं, फोटो आहेत. चौकशी बसायच्या आतच बाबांचं हृदय बंद पडलं. सत्तावन्न वर्षांचे होते. पुढं चौकशीचा कागद आला, की कुटुंबाकडे काही पुरावा असेल तर द्यावा. दादा त्याची डिस्क घेऊन एकाकडे गेला. तो म्हणाला, कोरी आहे, काहीच नाही. दादानं तुला विचारलं आणि तू म्हणालास, बाबांनी कॉपीच केलं नसेल, वय झालं होतं त्यांचं, आता उगाच त्यांची शोभा नको. मी माझी कुणाला दाखवलीसुद्धा नाही. तू म्हणालास ना, प्रत्येकीत सगळं आहे. मग एक कोरी म्हणजे सगळ्या कोऱ्या. उत्तर मी लिहिलं, कारण घरात अक्षर माझं बरं. "आमच्याकडे कोणताही पुरावा उपलब्ध नाही." सही आईची, अक्षर माझं, शब्द तुझे.

तर दुसऱ्या दिवशी मी डिस्क घेऊन गेले. दुकानदारानं ती एका तारेला लावली, बराच वेळ पडद्याकडे बघत बसला. मी म्हटलं, कोरी आहे ना, माहीत आहे मला. तो म्हणाला, "कोरी नाही, अर्धवट आहे." मग उलटी केली, चिकटवलेली पट्टी वाचली आणि मला विचारलं, "हिची बाकीची तीन भावंडं कुठं आहेत?" पट्टीवर हिरव्या शाईत लिहिलेलं होतं: चारपैकी तिसरी, क्रम बदलू नये. अक्षर तुझं. ते अक्षर मी अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं असं नाही. वाटायचं, वाटणी करताना तू नंबर टाकलेस. पण खाली बारीक तारीख आहे. ती वाटणीची नाही. बाबा जाण्याच्या चार वर्षं आधीची आहे, ज्या रविवारी तू मशीन बांधलंस आणि बाबा तुझ्यासाठी टॉर्च धरून उभे होते त्या दिवसाची.

दुकानदारानं समजावून सांगितलं, पण मला फार सांगावं लागलं नाही. पुस्तकाचं पहिलं पान एकाच्या ढिगात, दुसरं दुसऱ्याच्या, तिसरं, चौथं, मग पुन्हा पहिल्यापासून, अशी पानं वाटत गेलं तर चारही ढीग एकत्र आल्याशिवाय एक वाक्यसुद्धा वाचता येत नाही. आमच्या धंद्यात पानं मागंपुढं झाली तर अख्खी आवृत्ती परत येते. त्यानं सांगितलं, असं बांधलं की मशीन पळतं आणि जागा मोठी मिळते, हौशी पोरं बांधतात, पण बांधणाऱ्याला पक्कं माहीत असतं की एक डिस्क बाजूला काढली की संपलं. मी विचारलं, विसरू शकतो का तो? त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "विसरू नये म्हणूनच तर पट्टी लावलीय, ताई."

त्या दिवशी घरी चालत आले. बसनं येते नेहमी.

तेव्हा आम्ही काय काय मानलं ते आता एकेक आठवतंय. चौकशी संपली आणि दुसऱ्याच महिन्यात तुला त्याच कंपनीत घेतलं. आम्ही म्हटलं, केवढं मोठं मन, बाबांची चूक पोटात घालून मुलाला कामाला लावलं. कामचुकार माणसाच्या मुलाला कोण कशाला नोकरी देईल, हा साधा प्रश्न आम्हा तिघांपैकी एकालाही पडला नाही. तुझ्या पगारातून आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दादा बेकार होता तेव्हा घर चाललं, हेही खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. त्यांनी तुला घाबरवलं असेल. तू चोवीस वर्षांचा होतास. हे सगळं मी तुझ्या बाजूनं स्वतःशी बोलून पाहिलं, खटपट्या. पण प्रत्येक वेळी मी त्या जमिनीवर बसलेल्या तुझ्यापाशी येते. डिस्क फोडून टाकली असतीस तर एक वेळ समजलं असतं. तू ती आमच्याच हातात दिलीस आणि आम्हालाच राखणीला बसवलंस.

आणि आईचं तुला सांगायला हवं, कारण तू येतोस तेव्हा हॉटेलात उतरतोस आणि ती खाली येऊन तुला भेटते. आमच्या इमारतीत लिफ्ट आहे. आईनं अकरा वर्षांत तिच्यात पाऊल टाकलेलं नाही. गुडघे गेलेत, तिसऱ्या मजल्यापर्यंत कठड्याला धरून चढते, मधे दोनदा बसते. शेजारणीनं एकदा म्हटलं, आजी, लिफ्ट चांगली आहे हो. आई म्हणाली, "असेल. ज्यानं दुसऱ्यांच्या लिफ्ट बघितल्या नाहीत, त्याच्या बायकोनं कोणत्या तोंडानं बसायचं?" मी मागंच उभी होते, हातात भाजीची पिशवी. मला तेव्हा तिचं म्हणणं बरोबर वाटलं होतं. हे मला तुझ्यापेक्षा जास्त छळतं. तू खोटं बोललास. मी माझ्या बापाबद्दल ते खरं मानलं.

दादाकडची मिळाली. तो वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून ठेवत होता. मी कशाला हवी ते सांगितल्यावर वहिनी ती पुसून घेऊन आली. दादा इतकंच म्हणाला, "मी विचारलं होतं त्याला. मी सरळ विचारलं होतं." आईकडची मागायला धीर होत नव्हता. म्हटलं, नव्या कॉम्प्युटरमध्ये बाबांच्या डिस्क बसवायच्यात, ठेवणीला बऱ्या. तिनं मफलर उलगडला, डिस्क मला दिली, मफलर पुन्हा घडी करून आत ठेवला. काळं कॅबिनेट आता खिडकीपाशी माझ्या टेबलाखाली आहे. पुढची जाळी काढली की आत एकावर एक चार कप्पे. दुकानदारानं प्रत्येकाला रबरी चकत्या लावल्यात, म्हाताऱ्या डिस्क आहेत, हादरे नकोत म्हणून. पहिला, दुसरा, तिसरा भरलेत. चौथ्यातून पलीकडची भिंत दिसते. दुकानदार म्हणाला, चौथी आली आणि तिच्यात जीव असला, तर तो क्रमानं जोडून सगळं बाहेर काढेल, आठवडा लागेल. तीन असल्या काय आणि एक असली काय, सारखंच.

म्हणून हे पत्र, आणि त्यासोबतचं खोकं. खोक्यात चौथ्या कप्प्याचा ट्रे आहे. या कॅबिनेटचा तो सरकवला की अख्खा बाहेर येतो. सोबत चार स्क्रू चिकटवलेत, बाबांच्या डबीतले, कधीतरी तुझ्याकडूनच उरलेले. मी मापाचे शोधून काढले. तुझ्याकडची डिस्क त्यात बसव आणि पाठव. बसवायला तुला दोन मिनिटं लागतील. ती तू ठेवली नसशील, तर ट्रे रिकामाच परत पाठव, चिठ्ठी नको. मला कळेल, आणि मग आईला मी माझ्या तोंडानं सांगेन, जेवढं मला माहीत आहे तेवढं, तुझ्या नावासकट. ती रोज सकाळी टेबलाखाली वाकून बघते आणि विचारते, "चालू झाला का गं?" मी म्हणते, नाही, एक भाग यायचाय. कुठून यायचाय, ते तिनं अजून विचारलेलं नाही.

अजून तरी तुझीच,
ताई