हात मांडीखाली

बाबा, तुमची नात शेजारच्या खोलीत गणवेशाला इस्त्री करतेय आणि तिथे जाऊन मी काही बरळू नये म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्ही गेलात तेव्हा ती शाळेत होती. आता विमान चालवते, कॅप्टनच्या शेजारच्या खुर्चीतून. परवा लखनौहून उडाल्यावर तिच्या विमानातल्या एका हायड्रॉलिक यंत्रणेचं तेल गळून गेलं. तुम्ही जन्मभर कारखान्यात ज्या पंपांच्या चाचण्या घेतल्यात, त्याच जातीची भानगड. वर हे चाललेलं आणि खाली लखनौत, आमच्या तेलीबागेत, मी सब्जीवाल्याशी भेंडीवरून हुज्जत घालत होते.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं. "पहले तो कुछ नहीं, आई. हात मांडीखाली," ती म्हणाली. म्हणजे तुमचंच. क्वार्टरचं स्वयंपाकघर, कुकर बाजूने फुसफुसतोय, मी झाकणाकडे झेपावते आणि तुम्ही ओरडता, "हात मांडीखाली!" मी पाटावर स्वतःच्याच हातांवर बसते. तुम्ही गॅस बंद करून विचारता, "काय बिघडलं ते मागाहून. काय शाबूत आहे ते आधी सांग." आई म्हणते, "भूक शाबूत आहे. बाकी तुम्ही बघा." हसून मी वर पुस्ती जोडली, आणि तुमची बोलणीही मीच खाल्ली: "तुझी जीभ हातांच्या आधी पोचते." पुढे त्याच जिभेवर मी पोट भरलं, वर्तमानपत्रातून भल्याभल्यांची सालं काढली.

कॅप्टनने विमान स्थिर धरलं. हिने समोरचे इशाऱ्याचे दिवे बघून मोठ्याने सांगितलं, दुसरी यंत्रणा ठीक, ब्रेक ठीक. मग चेकलिस्ट ओळीओळीने वाचली. चाकं उतरवायला तेलाचा दाब नव्हता, तेव्हा त्यांची अडकण सोडवून ती स्वतःच्या वजनाने खाली येऊ दिली. विमान परत लखनौलाच उतरवलं; पुढचं चाक वळेना, म्हणून ते धावपट्टीवरच थांबवलं आणि ट्रॅक्टरने ओढून आणलं. उतरताना आंब्यांची पेटी घेऊन निघालेले मलिहाबादचे एक चाचा हिच्यावरच डाफरले, "बिटिया, हमारी दशहरी तो यहीं पक जाएगी!" सांगताना ती हसत होती. मला हसू आलं नाही.

आज ती पुन्हा उडणार आहे. जाऊ नकोस, एवढंच वाक्य; सकाळपासून तोंडात घोळवतेय. तुम्ही हातांची जागा सांगितलीत बाबा, जिभेची नाही. आणि मी ते वाक्य बोलले, तर ती ऐकेल कदाचित, हीच भीती आहे.

मध्येच ती दारात आली. "क्या लिख रही हो? फिर किसी मंत्री की शामत?" "नाही गं. डबा घेतलास?" "हाँ, घेतला. गाडी आलीय खाली."

आता ती गेलीय. कागद ड्रॉवरमध्ये जाईल, पण तुम्हाला एवढं सांगते. ती लिफ्टशी उभी राहून म्हणाली, "यार आई, टाटा तो करो!" मी खुर्चीत दोन्ही हातांवर बसून होते. केला नाही टाटा. हात सुटा झाला असता, तर तिची बॅग धरून ठेवली असती.