आधीच्यांचं वायरिंग

३ जून
आजपासून मी या घराचा. सामान ते काय, दोन बॅगा आणि एक टेबलफॅन. चाळिशी उलटल्यावर संसार थाटणारा माणूस आणखी आणणार तरी काय? घर हिचं. हिचे पहिले यजमान वायरमन होते, जाऊन काही वर्षं झाली. घरातली तार न् तार त्यांनी स्वतः ओढलेली. भिंतीवर लाकडी पट्ट्या, काळी गोल बटणं. स्वयंपाकघरातलं बटण दाराच्या डावीकडे, कारण ही डावखुरी. मला कौतुक वाटलं. चहा झकास झाला होता. नशीबवान आहे मी.

८ जून
ही मला अहो म्हणते, मी ओ देतो. आज स्वयंपाकघरातून हाक आली म्हणून दाढी अर्धी टाकून धावलो. ही फळीवरचा डबा काढत होती. तुम्हाला नव्हती हो हाक, म्हणाली. मग ओशाळून, सवय जात नाही, म्हणाली. हिच्या डोक्यावर दिवा लागलेला. बटण मात्र बंद.
जुनं घर. कुठेतरी तारेला तार चिकटली असेल.
गेलेल्या माणसाचा कसला मत्सर करायचा? पण दिवसभर करमलं नाही.

१४ जून
वायरमनला बोलावलं. तारांवरच्या रबराचा हात लावताच भुगा होतोय, म्हणाला. टप्प्याटप्प्याने बदलू: आधी बैठकीची खोली, मग स्वयंपाकघर, शेवटी वरची झोपायची खोली. ही म्हणाली, चाललंय की सगळं. मी म्हटलं, एखाद दिवशी आग लागेल.
खरं कारण आगीचं नव्हतं. इथे लिहायला काय हरकत आहे?

२० जून
बैठकीची खोली झाली. पांढरी बटणं, लख्ख उजेड. जुन्या तारांचं भेंडोळं मी स्वतः भंगारात देऊन आलो, शीळ घालत. पण ही तिथे बसत नाही. उजेड डोळ्यांवर येतो म्हणे. भाजी स्वयंपाकघरातच निवडते आणि एकटीच हसते. मी आत गेलो की दिवा मंद होतो. व्होल्टेज असेल.

२७ जून
स्वयंपाकघरही उरकलं. बटण उजवीकडे घ्यायला लावलं. मुद्दाम. ही जेवण वर घेऊन निघाली. एकच ताट. माझं कुठाय, विचारलं. अगंबाई, तुमचं राहिलंच, म्हणाली.

१ जुलै
आता ही वरच्या खोलीतून खाली येत नाही. नवरा मी, आणि जिन्यात चोरासारखा उभा मीच. आत अहो, अहो चाललेलं. लाडात. माझ्याशी असं कधी — दाराच्या फटीतून दिसतं. हिच्या शब्दागणिक दिवा उजळतो.

४ जुलै
वायरमन काम सोडून गेला. मेन बंद केला होता त्याने, तरी टेस्टर पेटला. वरच्या खोलीतल्या पट्टीवर हात ठेवला आणि झटकन काढला. अंगासारखी ऊब आहे, म्हणाला. दिवा विझल्याशिवाय तारेला हात लावू नका, असं मला दोनदा बजावलं.
ही ऐकत होती.

५ जुलै, दुपार
पक्कड घेऊन मीच वर आलोय. ही खोली तरी माझी झाली पाहिजे. पट्टी उचकटली. तार उघडी. दिवा विझेपर्यंत स्टुलावर बसून लिहितोय.

ही दारात. किती दिवसांनी माझ्याकडे पाहतेय — खांदे, छाती, हात — शर्ट मापाचा आहे का बघावं तसं. मेन बंद केलाय, म्हणते. धरा तार.

दिवा चालूच आहे. तसं सांगितलं. राहू दे, म्हणाली.

जवळ आली. माझा डावा हात हातात घेतला. हात धरला हिने माझा — वर नेतेय —

अहो, म्हणतेय. या आता, म्हणतेय. पण मी तर इथेच —