मागचं मी बघतो

सर,

परवा आम्हा क्रीडाशिक्षकांचं ठाण्यात शिबिर झालं. खेळाडूंच्या मनाची तयारी कशी करून घ्यायची, यावर. शिकवायला माझ्या लेकीच्या वयाची एक हुशार पोरगी होती. ती म्हणाली, ऐन वेळी मनात म्हणायचा प्रत्येक खेळाडूचा एक शब्द असतो, तुमचा सांगा. कोणी ‘मीच जिंकणार’ सांगितलं, कोणी वाघ-सिंह बाहेर काढले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, ‘सगळ्या आहेत.’ लोक नुसते बघत राहिले. समजावून सांगायला गेले आणि पहिल्याच वाक्याला खाली बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि रडू आलं ते असं भलत्याच ठिकाणी, चहाच्या सुट्टीच्या जरा आधी.

तुम्ही आमच्या आश्रमशाळेत भूगोल शिकवायला आलात. सगळ्यात नवे, त्यात बिनलग्नाचे, म्हणून खेळही तुमच्याच गळ्यात मारले गेले. तुम्हाला स्वतःला शाळेची चढण चढताना धाप लागायची. पण मी पळू शकते हे तुम्हीच पहिल्यांदा ओळखलंत. जिल्ह्यात पहिल्या तिघींत आले तर क्रीडा वसतिगृहात राहायची आणि शिकायची सोय होणार होती. नाही तर दिवाळीनंतर आईबापाबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर. बानं तसं स्पष्ट सांगून ठेवलं होतं. आणि जव्हारला, तालुक्याच्या शर्यतीत, मी सगळ्यांच्या पुढे असताना काय केलं? डेपोच्या अलीकडच्या वळणावर मागे पाहिलं, तर माझ्याच पाड्यावरची मैत्रीण दिसेना. मी थांबले. चांगली रस्त्याच्या कडेला उभी राहिले, ती येईपर्यंत. चार जणी पुढे निघून गेल्या. मी पाचवी, ती सहावी. पहिल्या सहांना जिल्ह्याला नेणार होते, म्हणून निभावलं. तुम्ही मात्र सगळ्यांदेखत माझ्यावर ओरडलात, की हिला जिंकायचंच नाही, हिच्यावर वेळ घालवणं फुकट आहे. मला तुमचा फार राग आला होता. खरं सांगायचं तर थोडा अजूनही आहे.

त्या संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसलो होतो. तुम्ही आलात, उंबऱ्यापाशी टेकलात, मूठभर तांदूळ पुढे ओढलेत आणि खडे ठेवून तांदूळच टाकायला लागलात. आम्ही तोंडं लपवून हसलो. मग तुम्ही हळूच विचारलंत, का थांबलीस.

‘ती मागं रहली ना सर. टाकून कशी जाऊं?’

मग मी तुम्हाला सांगितलं, की रानात लाकडाला जातो तेव्हा जी पुढे असते तिनं दर वळणाला मागे बघायचं, सगळ्या आहेत का मोजायचं. एक जरी दिसली नाही तरी कोणी पुढे सरकत नाही. पुढे चालणारीचं कामच ते. तुम्ही हे चूक आहे असं काही म्हणाला नाहीत. उठताना म्हणालात, ‘उद्यापासून मागचं मी बघतो. तू पुढचं बघ.’

दुसऱ्या दिवसापासून दाभोशाच्या रस्त्यावर आम्ही शाळेतल्या मुली पळतोय आणि सगळ्यांच्या मागे तुम्ही, स्वयंपाकीदादांची सायकल घेऊन. दर वळणाला तुमची हाक येते, ‘सगळ्या आहेत!’ माझी मान वळायच्या आत ती येऊन पोचते. चढणीला चेन पडायची, मग तुम्ही सायकल ढकलत, धापा टाकत ओरडायचात आणि आमची हसून पुरेवाट व्हायची. पुढे तुम्ही हाका कमी केल्यात. एका वळणाला द्यायची, एका वळणाला नाही. मग दोन वळणं नाही. होता होता ती हाक माझ्याच डोक्यात यायला लागली. शिबिरातल्या पोरीकडे याला नाव होतं, पडद्यावर चित्रही होतं. तुम्ही हे कुठे वाचलं होतंत, सर? मला वाटतं, कुठेच नाही.

जिल्ह्याच्या शर्यतीत सायकल न्यायला परवानगी नाही. शेवटचं वळण येतं, मी चौथी आहे, आणि डोक्यातली हाक येईनाशी होते. नुसता माझाच श्वास ऐकू येतोय. पाय जड झालेत. पुढची मुलगी लांब लांब जाते आहे आणि माझ्या डोळ्यांपुढे भट्टी दिसायला लागते.

मी तिसरी आले. वसतिगृह, शिक्षण, ही नोकरी, सगळं त्यातूनच आलं. शर्यत संपल्यावर तुम्ही धावत येऊन पहिलं हेच विचारलंत, ‘मागं नाही ना पाहिलंस?’ मी नाही म्हणाले. तुम्हाला केवढा आनंद झाला. पुढे कितीतरी वर्षं तुम्ही नव्या मुलींना माझं उदाहरण देत होतात, असं कानावर यायचं आणि मी चोरासारखी गप्प बसायचे. नंतर दोनदा भेटलो तेव्हा सांगायचं ठरवलं होतं, धीर झाला नाही. आता हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून लिहिते.

सर, मी पाहिलं होतं. त्या वळणावर चांगली मान वळवून पाहिलं. माझी मैत्रीण सगळ्यात शेवटी होती आणि तुम्ही दोरीच्या बाहेरून, चपला हातात घेऊन, तिच्या बरोबरीनं पळत होतात. मी कितवी आहे, कुठे आहे, याकडे तुमचं लक्षसुद्धा नव्हतं. ते बघितलं आणि मग मी पळाले.