रोखीच्या गिऱ्हाइकाचं खातं

मास्तरजी, तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, आणि मी म्हातारी आज कागद घेऊन तुमच्याशी बोलायला बसले. हसू नका. अहेरीच्या शाळेत हिशेबाच्या वर्गात मी एकटीच पोरगी, किराणावाल्याची. तुम्ही फळ्यावर रोजमेळ, म्हणजे दिवसभराच्या रोखीची नोंद, लिहिता आणि सांगता, आलेली रोख आता खतावणीत ज्याच्या-त्याच्या खात्यावर जमा करा. मी मान खाली घालून लिहीत सुटते. रोखीनं मीठ नेणारी, रोखीनं गूळ नेणारा, सगळ्यांची खाती उघडून मोकळी! पोरं खो-खो हसतात. तुम्ही म्हणता, "अवो पोरी, रोखीचं गिऱ्हाईक पैसे देते, सामान नेते, संपलं. ते पैसे विक्री खात्यावर टाक. त्याचं नाव कायले पाहिजे?" मी म्हणते, "पण मास्तरजी, नाव नाई लिहिलं तर तो आला होता हे कोणाले समजन?" तुम्ही खडू खाली ठेवता आणि माझी वही न खोडता परत देता.

तुम्ही स्वतःच आमच्या दुकानाचं रोखीचं गिऱ्हाईक होते. सिरोंच्याकडचे, घरची बोली तेलुगू, अहेरीत एकटेच; खोलीवर बोलायला होतं कोण? त्या हिवाळ्यात तुम्ही शाळेत यायचे थांबले. सगळ्यांना वाटलं, गावाले गेले असन. मी बाबांच्या मागं लागले, खोलीवर जाऊन पाहा ना. बाबा म्हणाले, "काऊन? आपली काय बाकी आहे मास्तरवर?" मला इतका राग आला! जेवले नाही, रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी बाबा चरफडत गेले. तुम्ही खाटेवर तापानं फणफणलेले, माठ कोरडा ठणठणीत. बांबू वाहणाऱ्या रिकाम्या गाडीत घालून बाबांनी दवाखान्यात नेलं.

बरे झाल्यावर तुम्ही दुकानात आले. खिशात पैसे होते, तरी म्हणाले, "भाऊ, माझ्या नावावर लिहून ठेवा." बाबा चाटच पडले. मग महिना सरला की ते स्वतः वसुलीला जायचे, तुमच्याकडे चहा पिऊन, गप्पा हाणून उशिरा यायचे. आलेले पैसे मी रोजमेळात मांडायची आणि खतावणीत तुमच्या खात्यावर जमा करायची. पुढं तुमची बदली झाली. तुम्ही वारल्याचं मला फार उशिरा कळलं.

आता मी चंद्रपूरला एकटी असते. यजमान गेले, मुलगा दूर नोकरीला. दूधवाला पहाटे दाराला पिशवी अडकवून जातो, तोंड दिसत नाही. मुलानं फोनवरून पैसे पाठवायला शिकवलं, ते मला पहिल्याच दिवशी आलं. पण दूधवाल्याला मी सांगते, मले नाई जमत बाप्पा, तूच येऊन घेऊन जा. मग महिन्याकाठी तो येतो, खुर्चीवर टेकतो, "काय आजी, बऱ्या हाव ना?" विचारतो. आज त्याचा दिवस होता. मी लुगडं बदलून बसले होते. दुपारी मुलाचा फोन आला, "आई, दुधाचे पैसे मीच पाठवून दिले, आता दर महिन्याले मीच पाठवत जाईन." चांगला पोरगा आहे हो. बरं केलं रे बाबा, म्हटलं, आणि फोन ठेवून रडले.

हे पत्र कुठं जायचं नाही म्हणून तुम्हालाच सांगते. उद्या पहाटे दाराशी उभी राहणार आहे आणि त्याच्याकडून पावशेर दही घेणार आहे, उधार. मुलाला सांगणार नाही.