कपाशीतल्या काकड्या

चोपडा तालुका,
१२ नोव्हेंबर १९९१

प्रिय सुगंधा,

जावईबापू लीलाधररावांचं कार्ड मिळालं. तुला सातवा लागला, दीपनगरला क्वार्टरवरच डोहाळजेवण करायचं ठरलंय, हे वाचून बरं वाटलं असं लिहायचीही मला हिंमत होत नाही. शेवटच्या ओळीत त्यांनी लिहिलंय, नानांनी एकट्यानं यावं. माझा चष्मा तेव्हा दुरुस्तीला गेला होता, त्यामुळे ते कार्ड तुझ्या वहिनीनंच मला वाचून दाखवलं. शेवटची ओळसुद्धा वाचली, आवाज न बदलता. मग चुलीपाशी जाऊन भाकरी थापायला लागली.

तीन वर्षांपूर्वी तुझं पहिलं डोहाळजेवण शेतात करायचा हट्ट माझा होता. लग्नाला सात वर्षं झाल्यावर तुला दिवस गेले होते, आणि आई गेली तसं सुगंधाचं माहेरही गेलं असं कोणी म्हणू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुझ्या सासरी ऐटीत कळवलं की ताटात बाजारचं काहीएक येणार नाही, सगळं आपल्या शेतातलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, घरचं ताक. वहिनीनं चार दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. ओटी भरायला मात्र तुझ्या सासूबाईंनी तिला पुढे येऊ दिलं नाही, तिला मूल नाही म्हणून. ती वाढायला लागली.

तुला हव्या होत्या कपाशीत लावलेल्या काकड्या. लहानपणी तू कपाशीत दडून त्या खायचीस आणि आई बांधावरून हाका मारत बसायची. त्या दिवशीही तू भरताला हात लावला नाहीस, वहिनीला म्हणालीस, मला त्याच आणून दे. तिनं ओचाभर तोडून आणल्या, धुतल्या आणि तुझ्या ताटात ठेवल्या. डोहाळे तुझे, म्हणून बाकी कोणी त्या घेतल्या नाहीत.

आता तुला माहीत नाही ते सांगतो. आदल्या दिवशी मी त्या कपाशीवर फवारा मारला होता. अळी पडली होती. तुझी वहिनी तेव्हा तुझ्या हिरव्या बांगड्या आणायला चोपड्याला गेलेली, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. फवारा मारला की बांधावरच्या काठीला लाल चिंधी बांधायची आपली पद्धत आहे, कोणी आत जाऊन काही तोडू नये म्हणून. तशी ती मी बांधलीही होती. पण तुम्हा पाहुण्यांची जीप वळणावर दिसली आणि माझीच मला लाज वाटली. घरचं निर्मळ खाऊ घालतो म्हणून बोलावलं आणि बांधावर विषाची खूण. मी ती चिंधी सोडून खिशात कोंबली. तू काकड्या खात होतीस तेव्हा मी समोर उभा होतो, सुगंधा. तोंड उघडलं असतं तर चारचौघांत फजिती झाली असती. धुतल्यात, एवढ्यानं काय होतं, असं म्हणून मी गप्प बसलो.

संध्याकाळी तुला उलट्या सुरू झाल्या आणि आपण जळगाव गाठलं. डॉक्टरांनी मला दोनदा विचारलं, औषध मारलेलं काही पोटात गेलंय का. दोन्ही वेळा मी म्हणालो, नाही, साधं घरचंच जेवण होतं. खरं सांगितलं असतं तर बाळ वाचलं असतं की नाही, हे मला माहीत नाही. आता ते कधी कळणारही नाही. दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या दारात तुझ्या सासूबाई म्हणाल्या, वांझेच्या हातचं खाल्लं, तिचीच नजर लागली. वहिनी तिथेच उभी होती. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. या पत्रातलं हेच वाक्य लिहायला सगळ्यात जड गेलं.

तेव्हापासून गावात तिला कोणी बारशाला बोलावत नाही. तूही तिला टाकलंस.

तिला मात्र सगळं कळलेलं आहे. जळगावहून आल्यावर तिनं माझे कपडे धुतले, आणि मी पाहिलं तर दोरीवर माझ्या सदऱ्याशेजारी ती लाल चिंधी वाळत होती. तिनं एका शब्दानं विचारलं नाही, मी एका शब्दानं सांगितलं नाही, आणि आमची तीन वर्षं अशीच गेली. त्या वर्षापासून तिनं घरामागे वांग्यांचा एक वाफा धरलाय. पाणी डोक्यावरून आणते, किडा हातानं वेचते, फवाऱ्याचा पंप घेऊन मला जवळसुद्धा फिरकू देत नाही.

काल तिनं त्या वाफ्यातली वांगी तोडली, पिशवीत भरली आणि माझ्यापुढे ठेवली. सुगंधाला न्या म्हणाली. मी म्हणालो, ती तुझ्या हातचं खाणार नाही. तर सहज म्हणाली, "बजारनं शे असं सांगा, मंग खाई ती." तिथून मला घास गेला नाही, म्हणून हे पत्र. तुझ्यासमोर उभं राहायचं तोंड मला नाही, मी येत नाही. शेजारचा रुपचंद भुसावळला चाललाय, दीपनगर तिथून जवळच, म्हणून त्याच्याजवळ पत्र आणि पिशवी देतोय. वांगी बाजारची नाहीत, तुझ्या वहिनीनं पिकवलेली आहेत. हे पत्र सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखव. आणि एवढं करूनही वांगी टाकून द्यावीशी वाटली तर माझ्या नावानं टाक, तिच्या नावानं टाकू नकोस.

तू म्हणू देशील तर तुझाच,
चुडामण नाना