कारखान्याच्या भिंतीआडची तीन यंत्रं

प्रिय शीतल,

दीड वर्ष झालं ना आपण बोललो त्याला? पहिल्या ओळीत 'कशी आहेस' विचारायचं असतं, पण तुझ्यासमोर ते नाटक नको. बातमी एवढीच, की आपल्या विक्रोळीच्या लॅबसमोरचा जुना कारखाना पाडला. महिनाभर धूळ खाल्ली आम्ही. भिंत गेली आणि लॅबमधली तिन्ही यंत्रं एकदम सांगायला लागली, चॅनेलवर कोणीतरी बोलतंय. सरांना वाटलं, यंत्रं बिघडली. मला मात्र ठाऊक होतं, ती बिघडलेली नाहीत.

आपलं काम तू तुझ्या आईला किती झकास समजावलं होतंस! दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये गाडी लावायची, पण जागा रिकामी असेल तरच, आणि मालक आला की मुकाट काढायची. फक्त आपली जागा म्हणजे रेडिओचा चॅनेल. तो रिकामा आहे का, हे ऐकायला चार यंत्रं होती. लॅबमधली तीन म्हणायची, रिकामा. नाहूरला तुझ्या गच्चीवरचं एकटं म्हणायचं, नाही. तू घसा फोडून सांगत होतीस, की ती तिन्ही कारखान्याच्या एकाच भिंतीआड आहेत, तिथे लहरी पोचतच नाहीत, त्यांची तीन मतं धरू नका. मी बहुमताचा नियम लावला आणि तुझं यंत्र खराब ठरवलं. पेपर छापून आला, तुझ्या नावाशिवाय. कामात निष्काळजी असा शेरा बसला आणि तुझी पीएचडीची जागाही गेली. आता घाटकोपरला क्लासमध्ये बारावीचं फिजिक्स शिकवतेस, असं लॅबमधल्या माधुरीकडून कळलं. मुलं नशीबवान आहेत, पण यार, तू तिथे असायला नको होतीस.

चूक झाली, एवढं लिहून थांबणार होतो. तीनदा कागद फाडला. खरं सांगतो. यंत्र तपासायला मी तुझ्या घरी आलो, तेव्हा तू बाहेर होतीस. तुझ्या आईनं गरम थालीपीठ खायला घातलं. गच्चीवर यंत्राला हेडफोन लावला, तर त्याच चॅनेलवर कुठल्याशा सुरक्षा रक्षकांची वॉकीटॉकी, शब्दन् शब्द स्वच्छ. दोन नंबरचं गेट उघडा, ट्रक आलाय. मी ऐकलं होतं गं. आणि परत येऊन सरांना सांगितलं, यंत्र खराब आहे. पेपर पाठवायला चारच दिवस उरले होते, दुसरं काही कारण नाही. लाज वाटते.

काल हे सगळं विभागप्रमुखांना लेखी दिलं. पेपर मागे घ्यायचंही कळवलं. माझी पदवी लटकलीय, लटकू दे. सोमवारी चौकशी समितीचा तुला फोन येईल. तू म्हणशील, जाऊ दे, चूक कोणाचीही होते. तुला ओळखतो, म्हणूनच हे पत्र. या वेळी माझी बाजू घेऊ नकोस शीतल. घेतलीस तर ते चूक म्हणून मिटवतील, आणि तुझ्या नावावरचा शेरा तसाच राहील.

तुझाच म्हणायला धजत नाही, तरी तुझाच,
सुयोग