तेरावी रेषा

मानिसालेस

तीर्थरूप ओफेलियाताईस,

धाकट्या एवारिस्तोचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? पास्तोची थंडी त्याला सोसत नाही, हे मी गेली दहा वर्षं सांगतोय (पण माझं ऐकतं कोण? हल्ली तर कोणीच नाही). मी ठणठणीत आहे. फक्त डोकं फिरलंय.

इथे महिन्याभराचं शिबिर आहे. नुकतीच डॉक्टरेट मिळवलेली चार-चार पोरं एकेका म्हाताऱ्याच्या गळ्यात मारतात. म्हाताऱ्याने बैजिक भूमितीतला न सुटलेला प्रश्न द्यायचा आणि सगळ्यांनी मिळून तो सोडवायचा, म्हणे अशाने पोरं संशोधन शिकतात. (आमचे गुरुजी प्रश्न देऊन दोन वर्षं गायब व्हायचे. आम्ही शिकलोच ना?) मी दिलेला प्रश्न माझ्याच प्रमेयावर उभा होता. एका विशिष्ट जातीच्या वक्र पृष्ठभागावर बाराहून जास्त सरळ रेषा मावत नाहीत, हे मी सव्वीस वर्षांपूर्वी सिद्ध केलं. त्यावरच मला प्राध्यापकी मिळाली आणि तू अख्ख्या गल्लीला एम्पानादा तळून वाटल्यास. तर तिसऱ्या दिवशी किब्दोची येसेनिया, जिचा आवाज तोवर कोणी धड ऐकला नव्हता, फळ्याशी गेली आणि म्हणाली, "सर, एक रेषा जास्त येतेय."

मी म्हटलं, परत मोज. चौघांनी मोजल्या. तेराच. मी समीकरण पुन्हा लिहायला लावलं, खडूसुद्धा बदलायला लावला (खडूचा काय संबंध, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही). शेवटी दार आपटून निघालो आणि दोन दिवस वेगळ्या टेबलावर एकटाच मसुराचं सूप गिळत बसलो.

तिसऱ्या दुपारी चौघंही थाळ्या घेऊन, न विचारता, माझ्याच टेबलावर येऊन बसली. येसेनिया म्हणाली, "सर, तुमचं प्रमेय पडलेलं नाही. एक अट लिहायची राहिली होती. ती घातली की बारा, नाही घातली की तेरा. दोन्ही मिळून आपला शोधनिबंध होतो."

आपला, म्हणे! वर पाच जणांची नावं आडनावांच्या क्रमाने जाणार, आणि आपलं आडनाव सुलुआगा 'Z'ने सुरू होतं, म्हणजे वर्णमालेचं शेवटचं अक्षर. चूक माझी, आणि तिच्या निबंधात मीच शेपटाला. अट मी दोनदा तपासली. बरोबर आहे, हाच तर संताप.

तुझा,
एवारिस्तो

ता. क. यातलं अक्षरही गल्लीत बोलू नकोस. नाहीतर वाटलेल्या एम्पानादा कोणी परत आणून द्यायचं.

पुन्हा ता. क. तुझ्या कपाटावरच्या पेटीत माझी त्या प्रमेयाच्या वेळची हिरवी वही आहे. सत्तेचाळिसाव्या पानाच्या समासात पेन्सिलीने माझ्याच अक्षरात 'तेरावी?' असं लिहिलंय. प्राध्यापकीची मुलाखत आठवड्यावर आली होती, म्हणून पुढे पाहिलं नाही. ते पान फाडून चुलीत घाल, हे सांगायलाच पत्र लिहायला बसलो होतो. तसं करू नकोस. वही बसने पाठव, शिबिर संपायच्या आत. येसेनियाला द्यायची आहे.